राग नुसता बघून जात नाही

सोमवार, संध्याकाळ

आज धाकटा दीर दारात आला. "वैनी, माझी मोटर जळली. वायंडिंग भरायला अहमदपूरला दिलीय. हरभरा वाळून राहिला. तुमच्या विहिरीचं पाणी द्या."

हे वारल्यावर यानंच आमचा बांध कोरला, ह्यांनी लावलेली चिंच तोडली.

मठातले स्वामी म्हणतात, राग आला की बघत राहा. रोज लिंगपूजेला बसून बघते. दिसतो, पण जातो कुठं? आजही दिसला. त्याचं रान करपावं, त्यानं रडावं, असं लई गोड वाटत होतं. ती भरलेली चिंच!

'न्हाई' म्हणणार, तेवढ्यात कळलं, हा राग मला आवडतो, मीच त्याला जाऊ देत नाही. उठले, मोटर चालू केली.

"उपकार झाले, वैनी."

म्हटलं, "हरभऱ्याची दया आली. तुला माफी न्हाई."