घरासमोरच्या तळ्याबद्दल मामांना खुलासा

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (खोलीत आम्ही चौघे आणि एक कपाट असल्यामुळे आडवं पडायला जागा नाही, तेव्हा बसल्या बसल्या घातलेला गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं ब्लडप्रेशर कसं आहे? पत्र वाचून झाल्यावर दोन्हींचं काय झालं तेही कळवा. माझी तब्येत उत्तम. मागच्या पत्रात लिहिलेलं फरशीचं गोदाम मी सोडलं, त्यानंतरची लॉन्ड्रीही सोडली, आणि आता सहा महिने एकाच ठिकाणी टिकून आहे. आईला यात काहीतरी काळंबेरं वाटतं.

पत्राचं कारण आधी सांगतो, कारण तुम्हाला पाल्हाळ आवडत नाही. (पाल्हाळ नंतर आहे.) येत्या रविवारी धाकटीच्या होणाऱ्या नवऱ्याचे आईवडील पहिल्यांदाच आपल्या घरी येणार आहेत, आणि त्यांची अशी समजूत आहे की आपल्या घरासमोर तळं आहे. ही समजूत माझ्यामुळे झाली. मुलाचे वडील घड्याळं दुरुस्त करतात, सेकंदाचा फरक खपवून घेत नाहीत, आणि पहिल्याच भेटीत एवढं मोठं तळं खोटं निघालं तर ते तसेच माघारी फिरतील, असं धाकटीने मला फोनवर तीनदा सांगितलं, दर वेळी आधीपेक्षा हळू आवाजात. ती ओरडते तोवर घाबरायचं कारण नसतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आता पाल्हाळ. मी सध्या मोठमोठे कागद छापून देणाऱ्या दुकानात आहे. घरांचे प्लॅन, दुकानांचे फलक, हरवलेल्या कुत्र्याचा फोटो (कुत्र्यापेक्षा मोठा), काय हवं ते. मशीन पलंगाएवढं आहे आणि त्याचा स्वभाव आपल्या मोठ्या काकांसारखा, म्हणजे मधेच थांबतं आणि कारण सांगत नाही. दर शनिवारी दुपारी तिथे तीन माणसं येतात. एक दातांचे डॉक्टर, एक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आणि एक बस ड्रायव्हर. तिघे नकाशे काढतात. पण असलेल्या जगाचे नाही, झालं असतं त्या जगाचे. अमुक राजाचं लढाईच्या दिवशी पोट दुखलं नसतं तर आज कुठला देश कुठवर असता, असे. त्यांचे असे दोनशे भाऊबंद फोनवरच्या ग्रुपवर आहेत. एकमेकांचे नकाशे बघायचे, वाहवा करायची आणि मग सरहद्दीवरून असं भांडायचं, की जणू उद्या खरंच सैन्य निघणार आहे. बाईंनी एक नदी चुकीच्या राज्याला दिली म्हणून ड्रायव्हर त्यांच्याशी चार महिने बोलत नव्हते. घरी मात्र त्याच त्यांना बसने सोडत होत्या. (उलट लिहिलं. तेच बाईंना सोडत होते. न बोलता.)

या मंडळींचे नियम कडक आहेत. इतिहासात बदल एकच करायचा, त्याला ते फाटा म्हणतात. त्यापुढे जे होईल ते हिशेबाने व्हायला हवं, मनाला येईल तसं नाही. दुसरं म्हणजे नकाशा अगदी खरा दिसला पाहिजे. प्रमाण, उंचीचे आकडे, शिक्का, सगळं. (शिक्का थोडा पुसट उठवायचा, कारण खऱ्या नकाशावरचा कुणालाच वाचता येत नाही.) 'काल्पनिक' असा शब्द पुढच्या बाजूला लिहिला तर अपमान समजतात. फाटा काय तो कागदाच्या पाठीमागे लिहायचा. हा पाठीमागचा नियम लक्षात ठेवा, कारण त्यानेच माझा घात केला.

माझा त्यांच्यात शिरकाव झाला तो निळी शाई संपल्यामुळे. डॉक्टरांचा नकाशा छापताना समुद्र गुलाबी आला, आणि गुलाबी हा त्यांच्या शत्रूच्या राज्याचा रंग होता. म्हणजे माझ्या चुकीने शत्रूने एका दुपारी सगळा समुद्र जिंकला. मालकांनी मला माझ्या घराण्यासकट झापलं. डॉक्टर मात्र स्टुलावर बसून अर्धा तास त्या कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे. त्यांच्याकडे जहाजं होती. मीच दुर्लक्ष केलं." बाहेर दोन पेशंट गाल धरून त्यांना शोधत होते. त्या दिवसापासून मी मंडळात. बाई म्हणाल्या, "आमचे छापतोस, एक तुझाही आण."

मामा, मी आठवीतून पळालेला माणूस. इतिहासाच्या मास्तरांनी माझ्याकडून एकच गोष्ट पाठ करून घेतली होती, ती म्हणजे बाकावर उभं राहणं. राजांमधलं मला काही कळत नाही. मला इतिहास माहीत आहे तो एकच, गावच्या तळ्याचा. तुम्ही मोजणी खात्यात असताना तीन दिवस तिपाईवर दुर्बीण लावून सांगितलं होतंत, की तळं टेकडीखालच्या वळणावर खणा, बाजारामागे मुरूम आहे, तिथे पाणी टिकणार नाही. गावच्या सभेत कुणी ऐकलं नाही. बाजारामागे खणलं, दुसऱ्या उन्हाळ्यात आटलं, आता तिथे टेम्पो उभे राहतात. माझा फाटा हाच. त्या सभेत मामांचं ऐकलं असतं तर.

धाकटीकडून तुमच्या जुन्या कागदाचा फोटो मागवला आणि तुमचेच आकडे घेऊन तीन आठवडे बसलो. (कपाटावर कागद पसरून, उभा राहून. बाकावरची सवय उपयोगी पडली.) टेकडीखाली तळं झालं. ते बरोबर आपल्या घरासमोर आलं. त्याच्यामुळे बाजार वर सरकला, एसटीचा थांबा आपल्या गल्लीच्या तोंडाशी आला, झाडं आली, आणि तळ्याकाठच्या रस्त्याला मी मोजणीदार मार्ग असं नाव दिलं. शाळेच्या वाटेवर एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला टेकडी, त्यामुळे पळून जायला जागा नाही. म्हणजे त्या नकाशात मी दहावी पास आहे. शनिवारी तो टेबलावर ठेवला तर ड्रायव्हर थांबा कुठे आहे हेच बोटाने बघत राहिले. बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आपल्याकडे आलेला हा पहिला नकाशा, ज्यात कुणी कुणाला हरवलेलं नाही."

मला भरून आलं, आणि माणसाला भरून आलं की तो मूर्खपणा करतो. मी तो नकाशा आईला पाठवला. आईने शेजारच्या सुताराकडून त्याला चौकट करून घेतली. सुताराने पाठीमागे पुठ्ठा ठोकला. झालं. फाटा पुठ्ठ्याआड आणि तळं भिंतीवर. शिक्का बघून आईने ठरवलं की तळं मंजूर झालं, आणि सुतार होडी करायला बसला. (अर्धी झाली आहे. धाकटी म्हणते, चांगली होतेय.) इथवर घरातली गोष्ट घरात होती. पण मागच्या आठवड्यात घड्याळवाल्यांनी घराचा पत्ता विचारला, आणि आईने विचार केला की भिंतीवर एवढा मोठा नकाशा असताना तोंडाने काय सांगायचं. फोटो काढून पाठवला. मुलाच्या आईने उलट विचारलं, डास होतात का. आईने कळवलं, अजिबात नाही.

मी आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, तू लांब आहेस, तुला इथलं काय माहीत. तुझ्या मामाने सांगितलं तरच मानेन. तेव्हा मामा, एवढंच करा. रविवारी सकाळी अकराच्या आत आपल्या घरी जा आणि पाहुण्यांसमोर सांगा की तळं नाही, कधी नव्हतं, आणि भाचा वेडा असला तरी लबाड नाही. तीस वर्षांत तुम्ही एक आकडा खोटा लिहिलेला नाही. तुमच्या शब्दावर धाकटीचं सगळं सावरेल.

मामींना नमस्कार. पत्र त्यांना वाचून दाखवू नका, नाहीतर त्या आधी हसतील आणि मग रविवारी सगळ्यांदेखत पुन्हा हसतील.

तुमचा,
लांबचा पण जवळचा भाचा

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली म्हणजे तीनदा लिहून खोडली. नकाशाच्या कोपऱ्यात मोजणी करणाऱ्याची सही लागते. ती मी तुमची केली आहे. आकडे तुमचेच होते म्हणून. सही हुबेहूब आली आहे, विशेषतः शेवटचा फराटा. आई 'मामाने सांगितलं तरच' का म्हणाली ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

ता. क. २. पाकीट चिकटवलेलं परत फोडलं. आत्ताच धाकटीचा फोन आला. घड्याळवाल्यांनी तो फोटो मोठा करून, डोळ्याला भिंग लावून, सगळे आकडे तपासले आणि आईला फोन केला, की या हिशेबाने तळ्याचं पाणी तुमच्या स्वयंपाकघरात यायला हवं. आई म्हणाली, आजवर एक थेंब आलेला नाही. (हे खरंच आहे.) ते म्हणाले, मग सही करणाऱ्याला मोजणी येत नाही. आई म्हणाली, सही माझ्या भावाची आहे, रविवारी या, तो दाखवेल. शेवटी धाकटीने रडत फोन घेतला आणि खरं सांगून टाकलं, की तळंच नाही. ते म्हणाले, "ते मला कळलं गं. मी विचारतोय, असतं तर पाणी कुठे गेलं असतं?" लग्नाचं नंतर बोलू म्हणाले, आधी हे. धाकटी आता रडत नाही, पण तिने मला हळू आवाजात सांगितलं आहे की मामा आलेच पाहिजेत.

तर मामा, आधीची विनंती रद्द समजा. जुना कागद आणि तिपाईवरची दुर्बीण घेऊन जा. तुमच्या आराखड्यात बाजाराच्या बाजूला जादा पाणी वाहून जायला सांडवा होता, तो मी नकाशात दाखवला आहे, पण सुताराच्या चौकटीच्या पट्टीखाली झाकला गेला आहे. त्या सांडव्याने पाणी उंबऱ्याच्या दोन हात खाली थांबतं, मी चारदा मोजलं. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? तेव्हा रविवारी तळं खोटं आहे हे सांगायची घाई करू नका, ते आता सगळ्यांना माहीत आहे. आधी ते बरोबर आहे हे दाखवा. त्या सभेत तुमचं बोलणं संपायच्या आत लोक चहाला उठले होते. या वेळी आई दाराला आतून कडी घालणार आहे.