‘ज्ये’ आणि तुमचा डबा

बाई, तुम्हांला मराठी येत नव्हतं, आणि तुम्ही गेलात त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. तरी मराठीतच लिहितोय. इंग्रजीत लिहायला बसलो की थँक्यू-सॉरी करून मोकळा होतो, आणि इतक्या स्वस्तात सुटायची मला लाज वाटते.

ऐंशीच्या दशकातला, अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातला तो हिवाळा. मी नागपूरच्या वस्तीतून आलेला बौद्ध पोरगा, बुद्धाचं बोलणं चिनीत कसं उतरलं ते वाचायचं म्हणून तुमच्या जुन्या चिनीच्या वर्गात बसलेला. तुम्ही फळ्यावर एक अक्षर काढता, डावीकडे तोंडाची चौकट. उच्चार ‘ज्ये’, जुन्या वाचनात ‘ज्वे’. अर्थ उसासा, अरेरे, कधीकधी वाहवासुद्धा. शिवाय ती एक हाकही आहे, हलक्या माणसाला मारायची, आपलं ‘ए!’ असतं तशी. मग तुम्ही गोष्ट सांगता. दुष्काळात एक श्रीमंत माणूस रस्त्यावर अन्न मांडून बसलाय. भुकेनं झोकांड्या खात येणाऱ्याला तो ओरडतो, "ए, ये, खा!" तो म्हणतो, असल्या हाकेचं खाल्लं नाही म्हणूनच तर माझी ही दशा झाली. श्रीमंत मागे धावतो, माफी मागतो. तरी हा खात नाही, आणि मरतो.

"बरोबर केलं त्यानं!" मी बाकावर हात आपटून म्हणालो. आमच्या आजोबांना गावात लग्नाची पंगत उठल्यावर मागच्या दारी अशीच हाक यायची, ‘ए, या रे, न्या!’ बौद्ध झाल्यावर त्यांनी तिकडे पाऊल टाकलं नाही, आणि उपाशी मरा पण असलं खाऊ नका, असं आम्हांला बजावलं. हे मी वर्गात सांगितलं नाही. तुम्ही हसून म्हणालात, "दोन ओळी राहिल्यात. नेक्स्ट क्लास."

त्याआधीच तो डबा आला. मी डिपार्टमेंटमध्ये वाचत बसलो होतो. तुम्ही दारातूनच ओरडलात, "यू! कम! ईट! टू थिन!" आणि झाकण उघडून मोमोंचा वाफाळता डबा टेबलावरून माझ्याकडे सरकवलात. माझं डोकंच फिरलं. तुमच्या डोळ्याला डोळा भिडवून मी शांतपणे म्हणालो, "ज्ये." तुमचा चेहरा खर्रकन उतरला. तुम्ही समोर खुर्ची ओढून बसलात, डबा दोन्ही हातांनी उचलून पुढे धरलात आणि म्हणालात, "आय ॲम सॉरी. प्लीज ईट." मी म्हणालो, माझं जेवण झालंय. दप्तर उचललं आणि निघालो.

रूमवर सांगितलं तर माझा पुण्याचा रूममेट कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे, म्हातारी सगळ्यांशी तशीच बोलते यार! डीनलासुद्धा ‘यू! सिट!’ म्हणते." मला ते ठाऊक नव्हतं थोडंच? पण मी ताठलेलाच. वर्ग ड्रॉप केला, वाटेत दिसलात की रस्ता बदलला. उन्हाळ्यात तुम्ही गेल्याचं कळलं.

त्या राहिलेल्या दोन ओळी मी त्यानंतर उघडल्या. एक शहाणा माणूस म्हणतो, हाकेला पाठ फिरवली ते ठीक, पण माफी मागितल्यावर खायला हवं होतं. बाई, वाचताना मान वर होईना. आजोबांचा राग त्यांनी सोसून कमावलेला होता. मी तो फुकटात उचलला आणि एका म्हातारीवर काढला, जिनं पहाटे उठून माझ्यासाठी मोमो वाफवले होते. तो आजोबांचा मानही नव्हे, बाई. नुसता माझा तोरा.

आता मुलीला जेवायला बोलवायचं तर मी स्वयंपाकघरातून हाक मारत नाही, तिच्या खोलीच्या दाराशी जातो. ती वैतागून म्हणते, "बाबा, यू कॅन जस्ट येल!" मला नाही जमत.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या गावाचं नावही मी कधी विचारलं नाही. एकच सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. तुम्ही झाकण उघडलंत तेव्हा आल्याचा वास आला, आणि माझ्या पोटात कावळे ओरडत होते.