आत ते आप्पांचं, बाहेर ते आमचं

केडगाव, मंगळवार

तीर्थस्वरूप कल्याणदादांच्या पायाशी श्रीमंतचा नमस्कार. तुमची शुगर, वहिनींचे गुडघे आणि शिर्डीतला लॉजचा धंदा, तिन्ही ठिकाणी ठीक असेल अशी आशा करतो. फोनच करणार होतो, पण तुमचा फोन सदा स्पीकरवर, आणि शेजारी तुमचे सासरे, म्हणजे आमचे घरमालक आप्पा, सपत्नीक मुक्कामाला बसलेत. म्हणून हे पत्र टेम्पोवाल्या मच्छिंद्रच्या हाती पाठवतोय. एकट्याने वाचा.

दादा, अकरा वर्षांपूर्वी तुम्हीच देवमाणूस म्हणून सांगितलंत आणि आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो. (देवमाणूस खराच. सगळं घेतो, देताना डोळे मिटून उभा.) दुरुस्तीचा त्यांचा एकच कायदा : "भिंतीच्या आत हाय ते माझं, भाईर दिसतंय ते तुमचं." ठीक. तोट्या, शॉवर, फ्लशची टाकी, सगळं मी निमूट बदलत आलो. गेल्या महिन्यात बाथरूमच्या भिंतीतला पाईप फुटला. म्हटलं, आता सापडले आप्पा. तर या गृहस्थाने काय करावं? प्लंबर आणून आतला पाईप बंद करून टाकला, नवा पाईप भिंतीवरून क्लिपा मारून नेला आणि बिल माझ्या हातात ठेवलं. पाईप दिसतोय ना, मग तुमचाच, म्हणे. एवढी अक्कल शेतात घातली असती तर एव्हाना शुगर फॅक्टरीचे चेअरमन झाले असते. वर दम दिला, की माझ्या भिंतीला हात लावलात तर खोल्या खाली करा. आमच्या ज्ञानेश्वरीची बारावीची परीक्षा पुढच्या सोमवारपासून. अशात बिऱ्हाड कुठे न्यायचं, हा विचार त्या डोक्यात शिरत नाही. लई जीव जळतो, दादा.

पण मीही काही बांगड्या भरलेल्या नाहीत. आप्पांनी शिर्डीची गाडी धरली, की मी गवंडी बोलावला. भिंत फोडली, पाईप आत गाडला, वरून गिलावा आणि रंग. प्लंबरचं बिल अठराशेचं होतं, गवंड्याने साडेचार हजार घेतले. पण पाईप आता आत आहे, म्हणजे आप्पांचा आहे. (आमची आरती म्हणते, तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी. तिला तत्त्व कळत नाही.)

लहानांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार. आप्पांना काही नाही.

तुमचा मावसभाऊ,
श्रीमंत

ता. क. : यातलं आप्पांपाशी काही बोलू नका. मी भितो असं नाही, त्यांचं बीपी वाढायला नको.

आणखी एक ता. क. : गवंड्याची छिन्नी नव्या पाईपला लागली होती. हे काल कळलं, खाली आप्पांच्या कोठीच्या खोलीत पाणी उतरलं तेव्हा. (तुळशीला पाणी घालायला किल्ली आमच्याकडे ठेवलीय, म्हणून निदान कळलं तरी.) वर्षाचा गहू भिजला, चार पोती. गच्चीवर पसरलाय आणि ज्ञानेश्वरी पुस्तक हातात धरून कबुतरं हाकतेय. गहू वाळायला, भिंत सुकायला रविवार उजाडेल, आणि आप्पा उद्याच निघायचं म्हणतायत. दादा, पाया पडतो, त्यांना रविवारपर्यंत ठेवून घ्या. तुम्हाला जड जाईल, ठाऊक आहे. पण त्यांनी खरंच खोल्या खाली करायला लावल्या, तर या भाड्यात केडगावात आता कोंबड्यांचं खुराडंही मिळत नाही.