वाऱ्याच्या अंगाचा काठ

दादा, काल येलदरीच्या पाण्यावर जाऊन आले. निवृत्त बाईला कुठे चाललीस म्हणून कुणी विचारत नाही, तेवढं एक सुख आहे. आपलं बेट तसंच आहे, पाण्यातून वर उरलेलं टेकाड आणि त्यावर बाभळी. मी अलीकडच्या काठावर उंचवट्याच्या आडोशाला बसले होते, तर उंचवट्यापलीकडून एक गळवाला ओरडला, "मावशी, तिथं काय मिळायचं न्हाई! वाऱ्याच्या अंगाला या!" मी म्हटलं, "तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे मला ते!" तो हसला. मी मात्र तिथून उठले. का, ते शेवटी सांगते.

वाऱ्याचा धडा तुमचाच, बापाने लेकीला दिलेला. वारा ज्या काठावर लाटा आपटतो तिथं पाणी गढुळतं, किडेमकोडे वाहत येतात आणि मासा चरायला अगदी पायाशी येतो. आडोशाला बसणारा नुसतं पाणी बघतो. शिवाय बुडालेलं गाव तुमचंच, त्यामुळे पाण्याखालची जमीन तुम्हाला पाठ होती. इथं बांध होता, तिथं चिंच होती, तिच्या मुळ्यांत मरळ दडते.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला त्या पावसाळ्यात नन्सची शाळा बंद पडली आणि मी औरंगाबादहून घरी आले. शेजारच्या गावात आपल्या लोकांची घरं जाळल्याची बातमी आली तशी तुम्ही गळाचा डबा उचललात. रस्त्यात विचारणाऱ्यांना हसत सांगितलंत, "पोरगी आलीय, तिला मासे खाऊ घालतो." आणि मला व आईला भोईमामाच्या होडीत बसवून बेटावर आणलंत. भोईमामा तुमचा लहानपणचा सोबती. आम्ही कुठे आहोत ते त्या एकट्याला माहीत. तिसऱ्या दिवशी येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पीठ भिजून आंबलं. आई बाभळीखाली बसून आहे, धरणाचं पाणी रोज हातभर वर चढतंय, आणि तुम्ही सकाळपासून आडोशाच्या काठाला गळ टाकून बसलायत. मी सोळा वर्षांची, जीभ तेव्हाही अशीच. "दादा, पाण्यात तोंड बघताय का? मासा तिकडे आहे." तुम्ही वळूनही बघितलं नाहीत. "न्हाई लागला तरी चालंल. हितंच बस." वाऱ्याच्या काठासमोर, हाकेच्या अंतरावर, धरणानंतर वसलेल्या गावाची वाट होती. हे तुम्ही सांगितलं का नाहीत? पोरीला भीती वाटेल म्हणून? मग ती पोरगी गळ घेऊन टेकाडापलीकडे गेली.

रोहू लागला. चांगला हातभर. मी तो ओढून काठावर घेतला आणि समोरून हाक आली, "ए पोरी! कुणाची गं तू?" दोघं उभे होते, एकाच्या हातात काठी. नन्सनी शिकवलं होतं, कुणी विचारलं तर मान वर करून, स्पष्ट, पूर्ण नाव सांगायचं. मी सांगितलं. माझं, तुमचं आणि आडनाव. पहिल्यांदा नीट पोचलं नसावं म्हणून घसा ताणून पुन्हा सांगितलं. ते एकमेकांकडे बघून भराभर निघून गेले, तेव्हा कुठे मी काय केलं ते मला कळलं.

तुम्हाला मी एवढंच सांगितलं की दोन माणसं दिसली. तुम्ही चूल विझवलीत. मासा तसाच पडून तडफडत राहिला, आणि आईने त्याच्यावर पदर टाकला, आवाज नको म्हणून. ऊन कलल्यावर वल्ह्याचा आवाज आला तेव्हा तुमच्या हातात विळा होता. भोईमामा होता. "ऊठ गड्या. गावात कळलंय तुमी हितं हाव म्हनून."

"तुज्याबिगर कुणाला ठावं होतं?" तुम्ही म्हणालात.

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला गावात कळलं होतं नाव कुणी सांगितलं ते. "आधी बस होडीत," तो म्हणाला, "शिव्या मागनं दे." त्याने आम्हाला पलीकडे उतरवलं आणि आम्ही जिंतूरकडून सेलूला मावशीकडे पोचलो, धडधाकट. आम्हाला नेलं म्हणून गावाने त्याची होडी फोडली. तुम्ही मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाहीत, आणि मी खरं न सांगून तुम्हाला बोलू दिलं नाही.

काल मध्ये एवढा उंचवटा असून त्या गळवाल्याचा शब्दन् शब्द मला ऐकू आला, कारण वारा त्याच्याकडून माझ्याकडे होता. त्या दिवशी तो माझ्याकडून तुमच्याकडे होता, दादा. ते टेकाड असं कितीसं उंच? तुम्ही ऐकलं होतं का? ऐकून पोरीची चूक भोईमामावर ढकललीत का? मला याची त्या काठीवाल्यांपेक्षा जास्त भीती वाटते.

हे कागद तुमच्या गळाच्या डब्यात ठेवते. वाचायला हवेत ते खरं तर भोईमामाच्या घरच्यांनी. काल परतताना त्याच्या दारापर्यंत गेले होते. सून बाहेर आली, "कोन वो तुमी, बाई?" म्हणाली.

मी म्हटलं, रस्ता चुकले.