फाटकात बसलेला ट्रेलर

१४ जुलै १९६१, शुक्रवार. सकाळी ९.४०

वेळ मुद्दाम लिहिते. पुढे कुणी नाही म्हणायला नको. या वेळी कन्नैया मिस्त्रीने वेंकूच्या ट्रेलरचा जुना ॲक्सल काढला आणि सांगाडा विटांवर ठेवला. कुठे? फाटक ते पायऱ्या या बोळात. माझी चाकांची खुर्ची जायची ती एवढीच वाट. आता वीतभर उरली. मांजर जातं.

आग्रह माझाच होता, कबूल. ट्रेलर माझ्या या धाकट्या भावाने घरीच ठोकलेला. भंगारातला ॲक्सल, जीपची चाकं, ब्रेक नाहीच. गेल्या महिन्यात जॉर्ज टाउनच्या बाजारातून दुकानासाठी रंगाचे डबे आणताना गाडी थांबली, ट्रेलर थांबला नाही. वेंकूचं कपाळ स्टिअरिंगवर. म्हटलं, धड ॲक्सल बसव, ब्रेक लाव, नाहीतर ते धूड मोडून टाक.

सोमवारी तयार, म्हणतात.

१७ जुलै, सोमवार

नवा ॲक्सल, ब्रेक, सगळं आलंय. ओसरीवर गोणपाटात पडून. आणि कन्नैया हात जोडून उभा. "आडी महिना लागला, टीचरम्मा. अशुभ, नवं काही जोडायचं नाही. महिना सरून आवणी उजाडली की पहिलं काम तुमचं."

"मग जुना काढलास तो?"

"काढणं म्हणजे आरंभ नव्हे."

"या महिन्यात रोज नवी इडली खातोस ना?"

"इडलीला ब्रेक नसतो, अम्मा."

वेंकू हसला. हसला! आवणीला अख्खा महिना आहे. तसाच बाजूला ओढा म्हटलं, तर सांगाडा वाकेल म्हणे.

२२ जुलै, शनिवार

शनिवार एन्नोरचा. दर शनिवारी टॅक्सी, टपावर खुर्ची, आणि तिथे मैत्रिणीकडे, तेरेसाकडे. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत आम्ही एका बाकावर. पोंगलपासून ती अंथरुणावर आहे.

आज टॅक्सी हॉर्न वाजवून रिकामी परत गेली.

वेंकूचा तोडगा: "अक्का, खुर्चीसकट उचलून ट्रेलरवरून पलीकडे नेतो." सगळ्या गल्लीसमोर! म्हटलं, मी उत्सवमूर्ती नाही. भावजय आतून, "वन्सं, मूर्ती निदान गप्प बसते."

जेवले नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

२६ जुलै, बुधवार

तेरेसाच्या मुलीचं पत्र. "आई अन्न घेत नाही. शनिवारी दाराशी आवाज झाला की मान वळवत होती. या शनिवारी याल ना?"

दोनदा वाचलं. खिडकीतून दुसरं काही दिसत नाही, ट्रेलरच. भावजयीने त्यावर सांडगे वाळत घातलेत.

वेंकूला पत्र दाखवलं. "बघू, अक्का." आणि दुकानात गेला.

उचलून नेतो म्हणत होता तेव्हा जायला हवं होतं. माझा ताठा. दुसऱ्या कुणाला बोल कशाला लावू.

२८ जुलै, शुक्रवार. दुपारी ४

दोन दिवस वेंकूचं नुसतं 'बघू'. आता म्हणतो कंबर धरलीय. भावजयीच्या हाती दुकानावर चिठ्ठी पाठवली. नक्कल:

"चि. वेंकटराव यास,

उद्या सकाळी सातला टॅक्सी फाटकाशी येईल. मला खुर्चीसकट उचलून पलीकडे न्यावं. तुझी कंबर धरली असेल तर दुकानातली चार माणसं आण. दोन पुरणार नाहीत, मी हलकी नाही. गल्ली जमली तर जमू दे. तेरेसा पुढच्या शनिवारपर्यंत थांबेल असं मला कुणी सांगितलेलं नाही.

होय की नाही, ते आज संध्याकाळी सातच्या आत लेखी कळव. नाही असेल तर कारण लिही आणि खाली सही कर. 'बघू' हे उत्तर धरलं जाणार नाही.

तुझी थोरली बहीण"