सोडलेले तास

दोरीन,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही.

सोमवारच्या बैठकीत तू, विभागप्रमुख म्हणून, सिरिलिक लिपीतल्या जुन्या हस्तलिखितांचे माझे तास काढून घेतलेस. नंतर जिन्यात गाठून म्हणालास, "बाई, माझा नाइलाज आहे. कुलगुरूंचाच हुकूम आहे." मी विश्वास ठेवला. तुझा प्रबंध मी ओळ न् ओळ तपासला होता, दर ईस्टरला तू माझ्या घरी जेवत होतास.

आज कुलगुरूंनी बोलावलं. म्हणाल्या, "तब्येतीमुळे तुम्हीच तास सोडलेत, असं दोरीन सांगतो. खरं का?"

तुला खोटं पाडायला एक शब्द पुरला असता. मी "हो" म्हणाले.

तुझी दया आली म्हणून नव्हे. असला माणूस मी घडवला, हे त्यांच्यासमोर कबूल करायची मला लाज वाटली.

सांदा ह्रिस्कू
बोतोशानी