दरबारी पगडीचे पट्टे

मी, गोपाळकृष्ण रघुनाथ आठल्ये, वय वर्षे एकोणसत्तर, राहणार लष्कर, ग्वाल्हेर, येथील महाविद्यालयातून निवृत्त झालेला संस्कृत व तर्कशास्त्राचा अध्यापक, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. वैद्यांचा तसा दाखला जोडण्याची चाल आहे. परंतु आमच्या वैद्यांनी चार ओळींच्या दाखल्यात तीन चुका केल्या, म्हणून तो जोडलेला नाही. हृदय मात्र शाबूत नाही. मी होळी पाहीन असे ते वैद्य सोडून कोणीही म्हणत नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कचेरीत या कागदाचा हिंदी तर्जुमा लागल्यास तो चिरंजीव मधुसूदन याने करू नये. त्याची मराठी हिंदीने नासली आहे आणि हिंदी मराठीने.

कलम १. गोरखी वाड्याच्या मागील गल्लीतले माझे दुमजली घर वडिलोपार्जित नाही. ते मी पगारातून बांधले, सबब स्वकष्टार्जित आहे, आणि ते कोणास द्यावे हे ठरविण्याचा पूर्ण हक्क माझा आहे. ते मी माझी कन्या सौ. शरयू हिला देतो. ती झाशीस असते. तिच्या सासूबाईंच्या सोवळ्यात कुत्र्याची सावलीदेखील खपत नाही. तैमूर हा आमचा कुत्रा हयात असेतो तिने या घरात राहून त्याचा सांभाळ करावा, अशी अट घालण्याचे माझ्या मनात होते. माझ्या दोन अपत्यांपैकी अट पाळणारी ती एकटीच. घातली असती तर नवऱ्याचे घर सोडून ती येथे येऊन राहिली असती. म्हणून अट घातलेली नाही. तिने घर विकावे आणि विकताना रडू नये. गिऱ्हाईक भाव पाडते.

कलम २. पोस्टातील शिल्लक, शिसवी मेज व घड्याळ मधुसूदनास. ग्रंथ त्याला देत नाही. ते महाविद्यालयास जावेत, आणि समासांतील माझी टिपणे कोणी खोडू नयेत. मधुसूदन इंदुरास गिरणीत इंजिनिअर आहे. बंगल्याभोवती आवार आहे. दिवाळीत तो आला तेव्हा मी तैमूरचा विषय काढला.

"अण्णा, बंगला भाड्याचा आहे. मालक नाही म्हणेल."

"विचारलेस?"

"विचारायचं काय त्यात? मला पता आहे ना."

'पता आहे' हे मराठी नव्हे, इतकेच मी म्हणालो. पुढे आम्ही दोघांनीही फराळ केला. तैमूर मेजाखाली मधुसूदनाच्या पायांवर डोके ठेवून पडला होता. त्याने पाय काढून घेतले नाहीत, हे मी न्यायास धरून नमूद करतो.

कलम ३. तैमूर म्हणजे कोण आणि एका कुत्र्यासाठी एवढा कागद का, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहितो.

हाच मधुसूदन आठ वर्षांचा असताना स्वर्णरेखेच्या नाल्यातून एक पिल्लू सदऱ्यात घालून घेऊन आला. मी ते परत नेऊन ठेवण्यास सांगितले. माझी पत्नी अनसूया हिने ते तांदळाच्या रोवळीत ठेवले आणि मला विचारले, "कुठं परत? नाल्यात?" मला उत्तर सुचले नाही. तर्कशास्त्राच्या अध्यापकाला या गोष्टीची वर्षानुवर्षे आठवण करून दिली गेली.

त्यानंतर आमचे घर हे जखमी, टाकलेल्या आणि टांग्याखाली आलेल्या कुत्र्यांचे उतरण्याचे ठिकाण झाले. नेम असा होता: ज्याला कुत्रे सापडले त्याने त्याचे नाव ठेवायचे आणि पहिली रात्र त्याच्याजवळ ओसरीवर निजायचे. हळद व कडुनिंबाचे तेल लावणे अनसूयेकडे. जबडा धरणे शरयूकडे, कारण तिला कोणी चावत नसे. आणि कुत्रे बरे झाले की त्याला न्यावयास येणाऱ्यांची तोंडी परीक्षा माझ्याकडे. पाणी कशात ठेवाल, उन्हाळ्यात बांधाल कोठे, म्हातारे झाल्यावर काय कराल. एक सरदार तिसऱ्या प्रश्नाला नापास झाले आणि वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. थाटीपुराकडचा एक माळी सर्व प्रश्नांत उत्तीर्ण झाला. "म्हातारा तर मीपण होणार," एवढेच तो म्हणाला होता.

यातून आम्हांस काय मिळाले असे शेजारी विचारीत. मी त्यांस उत्तर दिले नाही, कारण प्रश्न विचारण्याची त्यांची रीत उद्धट होती. येथे देतो. आमच्याकडे जेवणे मुकाट्याने होत. मुलांनी तोंड उघडले की मी त्यांची भाषा सुधारीत असे, म्हणून ती उघडीत नसत. कुत्री आल्यावर पानावर बोलणे सुरू झाले. कोणाची जखम सुकली, कोणी चप्पल खाल्ली, मैना नावाच्या कुत्रीला सनईचा एवढा राग का. शरयू माझ्याशी वाद घालू लागली आणि दोनदा जिंकली. मधू, जो परीक्षेचा निकालही मला आईकडून कळवी, तो अंधारात ओसरीवरून हाक मारी, "अण्णा, हिचा श्वास बघा ना जरा." मी कंदील घेऊन जाई. आम्ही दोघे तिच्या पोटाकडे बघत बसत असू. पुत्राचे याहून अधिक सान्निध्य मला पुढे कधी लाभले नाही. पिल्लू दुसऱ्याच्या घरी धाडताना चौघांनीही दाराशी उभे राहायचे, असाही नेम होता. आज त्या दाराशी मी एकटा उभा असतो आणि धाडण्याजोगे कोणी उरलेले नाही.

कलम ४. दरसाल चैत्रात म्युनिसिपालिटीच्या ठेकेदाराची माणसे गल्लोगल्ली विषाचे लाडू टाकतात. गळ्यात पट्टा असलेले कुत्रे मालकीचे समजून सोडावे, असा त्यांचा शिरस्ता होता. आमची आणि गल्लीतली मिळून कुत्री पुष्कळ, चामड्याचे पट्टे थोडे. एका चैत्रात मी महाविद्यालयात असताना अनसूयेने माझी जुनी दरबारी पगडी उसवली. शिंदेशाही पगडीला पीळ देऊन किती वार कापड गुंडाळलेले असते, हे ती उसवीपर्यंत मलाही ठाऊक नव्हते. संध्याकाळी घरी आलो तो गल्लीतले प्रत्येक कुत्रे माझ्या पगडीचे तांबडे चंदेरी कापड गळ्यात घालून हिंडत होते.

समोरचे जगदेवराव, रिसाल्यातून निवृत्त झालेले, मिशीतून हसत म्हणाले, "पंडितजी, आज दरबार इथंच भरलाय वाटतं. मुजरा कुणाकुणाला करू?"

मी पत्नीशी दोन दिवस बोललो नाही. परंतु ठेकेदाराचा जमादार दौलतसिंह आला, त्याने ते कापड बोटांनी चाचपले आणि आपल्या माणसांना म्हणाला, "ये सरकारी पगड़ी का है। इनको रहने दो।" गल्लीतले एकही कुत्रे मेले नाही. असे सलग अनेक चैत्र गेले.

पण ही व्यवस्था एका जमादाराच्या मर्जीवर होती आणि मर्जी म्हणजे नियम नव्हे. पट्टा कशास म्हणावे, मालक कोणास म्हणावे, याची व्याख्या करावी असा अर्ज मी केला. त्यात एकही चूक नव्हती, हे मी आजही म्हणतो. अर्ज मान्य झाला. व्याख्या झाली. पट्टा म्हणजे शिक्का मारलेला पितळी बिल्ला. एका घरमालकास दोनच. मालकाच्या मृत्यूनंतर बिल्ला रद्द, वारसाने नवा घ्यावा. कापड चालणार नाही.

त्या चैत्रात आमच्या घरी दोन बिल्ले होते, तैमूरचा आणि काजळी या कुत्रीचा. बाकीच्यांचे पट्टे दौलतसिंहाने गळ्यांतून सोडून, धुऊन, घडी करून संध्याकाळी दारात आणून दिले. "माताजी, ये आपके हैं।" अनसूयेने ते घेतले. त्याला पाणी दिले. तो गेल्यावर मला म्हणाली, "आता तरी अर्ज करू नका." त्या वर्षअखेरीस ती गेली. काजळी या पावसाळ्यात म्हातारपणाने गेली. उरला तैमूर, टांग्याखाली मागचा पाय गेलेला, हल्ली एका डोळ्याने अधू. नाव मी ठेवलेले आहे, कारण मला सापडलेला तो एकटाच.

कलम ५. माझ्या मृत्यूबरोबर त्याचा बिल्ला रद्द होईल. सबब या मृत्युपत्रान्वये तैमूर कोणास तरी विधिवत् दिला पाहिजे, म्हणजे त्या इसमास त्याच्या नावाचा बिल्ला मागता येईल. या हेतूने मी गल्लीतील पाच सभ्य गृहस्थांस चहास बोलाविले व कायदा समजावून सांगितला. त्यात हेही सांगितले की, साक्षीदारास मृत्युपत्राने काही दिल्यास ते देणे रद्द ठरते. हिंदूंस हा नियम लागतो की नाही याविषयी वकिलांत मतभेद असले, तरी मी संशयास जागा ठेवणार नाही, साक्षीदारास काहीही देणार नाही.

मग जगदेवरावांनी बशी खाली ठेवली. "पंडितजी, गवाही मी देतो. इतक्या वर्षांचा शेजार, तेवढं तर करायलाच पाहिजे."

लगेच बळवंतराव दातार म्हणाले, "दुसरा साक्षीदार मी."

उरलेल्या तिघांचे चेहरे उतरले. एकाने विचारले, "साक्षीदार दोनच का लागतात? तीन असले तर जास्त पक्कं नाही का होत?" शेजारच्या खिडकीतून मंदाताई ओरडल्या, "आमच्या ह्यांनाही घ्या हो साक्षीला, ह्यांचं अक्षर छान आहे."

माझ्या अध्यापनाच्या सबंध आयुष्यात एवढ्या त्वरेने कोणी धडा आत्मसात केला नव्हता. मी त्यांस दोष देत नाही. जगदेवरावांना मात्र देतो. त्यांच्या दाराशी तैमूर रोज सकाळी जातो आणि ते त्याला बिस्किट देतात, मला दिसणार नाही अशा बेताने.

कलम ६. दौलतसिंह त्या वेळी बिल्ल्यांची तपासणी करीत गल्लीत आला होता आणि दारात उभा राहून ऐकत होता. चहा संपवून गृहस्थ गेले. सही करणारा आणखी एक हाताशी असावा म्हणून मी त्यालाही विचारले.

"ना पंडितजी, हमें गवाही में मत डालो।"

"सही येत नाही?"

"आती है। पर दस्तख़त कर दिए तो फिर लँगड़े को ले नहीं पाऊँगा न।"

मी त्याची परीक्षा घेतली. पाणी कशात ठेवणार? "जिसमें हम पीते हैं, वैसे ही लोटे में।" उन्हात कोठे बांधणार? "बाँधूँगा क्यों, भाग के जाएगा कहाँ?" म्हातारा झाल्यावर काय करणार? "बूढ़ा तो ये है ही। चैत में मैं घर पर नहीं रहता, आप जानते हो काम क्या है। तब बहू देख लेगी।"

मला हा मनुष्य पसंत नाही. ज्या हातांनी तो तैमूरला भाकरी घालील ते हात चैत्रात काय करतात हे मला ठाऊक आहे, आणि तैमूरलाही वासाने कळेल. तो त्याला किती दिवस सांभाळील याची मला खात्री नाही. आशा ठेवण्यास आधार लागतो. माझ्याकडे आधार नाही, पर्यायही नाही. सबब तैमूर मी दौलतसिंह वल्द गंगासिंह, राहणार लष्कर, यास देत आहे. नव्या बिल्ल्याचा खर्च मधुसूदनाने द्यावा.

कलम ७. माझी दुसरी दरबारी पगडी पेटीत आहे. प्रेताबरोबर ती ठेवू नये आणि मधुसूदनाने दिवाणखान्यात काचेखाली मांडू नये. शरयूने ती उसवावी. उसवण्याची हातोटी आईकडून तिला आलेली आहे. पगडीचा एक पट्टा तैमूरच्या गळ्यात बिल्ल्याबरोबर बांधावा. ही मागणी दौलतसिंहाची आहे. "पीतल तो कोई भी खींच ले जाता है," असे तो म्हणाला. उरलेल्या कापडाचे पट्टे शरयूने गल्लीतल्या कुत्र्यांना बांधावे. त्यांस कायद्याने काडीची किंमत नाही, आणि ती नसावी अशी व्यवस्था माझ्याच अर्जाने झाली आहे. तरी बांधावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहून, वाचून, दोन साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

मुक्काम लष्कर, ग्वाल्हेर. मार्गशीर्ष शुद्ध दशमी, संवत १९९७. सोमवार, ९ डिसेंबर १९४०.

गोपाळकृष्ण रघुनाथ आठल्ये

साक्षीदार:
१. जगदेवराव मल्हारराव शितोळे
२. बळवंत विनायक दातार

दुरुस्ती: कलम ६ मध्ये शेवटून दुसऱ्या वाक्यात 'सदर जनावर' हे शब्द खोडून 'तैमूर' असे लिहिले आहे. संपूर्ण कागदात खाडाखोड एवढीच. ती माझ्या हातची असून शुद्धीवर राहून केलेली आहे. गो. र. आ.